बिनआवाजाची बोली

भिवंडी,
२ फेब्रुवारी १९७८

तुळजा,

वर 'श्री' घातलेला नाही. परवा तेरावं झालं, सुतक फिटलं, पण हात गेला नाही. आशीर्वादही लिहीत नाही. तुला तो नको असेल, आणि मलाही सध्या कुणाला काही द्यावंसं वाटत नाही.

रामनाथने कोपरा फाडलेलं कार्ड तुला टाकलं होतं. मी नको म्हटलं होतं. तो म्हणाला, "आये, मावशी हाय ती माझी. तुझं भांडान तुझ्यापाशी ठेव." पोरगा बापावर गेलाय, आवाज न चढवता बोलतो आणि मग आपल्याला गप्प बसावं लागतं. कार्ड तुला पोचलं असणार. वज्रेश्वरी काही विलायतेत नाही. तरी तू आली नाहीस, दहाव्याला नाही आणि तेराव्यालाही नाही. मी वाट बघत होते असं समजू नकोस. कोण आलं आणि कोण नाही एवढं घरच्या बाईला बघावं लागतं.

हे एकोणीस तारखेला गेले. आठ तारखेला सकाळी दात घासता घासता अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. अकरा दिवस काढले. शेवटी काही बोलले नाहीत, शांतपणे गेले. कळवायचं ते एवढंच.

पण आता लिहायला घेतलंच आहे तर बाकीचंही लिहिते. अण्णांनी आपल्या दोघींना चौथीपर्यंत शाळेत घातलं ते कशासाठी, एका कार्डावर दोन ओळी खरडण्यासाठी थोडंच?

मेल्यावर माणूस सगळ्या गावाचा होतो हे मला माहीत नव्हतं. नूर मोहम्मद शेठने त्या दिवशी यांच्या मागाच्या कारखान्यातले चोवीसच्या चोवीस साचे बंद ठेवले. बत्तीस वर्षांत आपल्या आळीने ती खाटखाट बंद झालेली फारशी ऐकली नव्हती, दार उघडून लोक बाहेर बघायला आले. शेठ स्वतः कामवारी नदीवरच्या स्मशानापर्यंत चालत आले, त्या सुजलेल्या पायांनी. शेजारची तय्यबा तर माझ्यापेक्षा मोठ्याने रडली. म्हणाली, "आनंदीबाय, मेरे घरमें ताप हुता तवा भाईजानने तीन दिवस पानी भरलान. सगा भाई नहीं करता." मला हे माहीतच नव्हतं. तीन दिवस पाणी भरलं आणि घरात सांगितलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, बाई, नवरा माझा मेलाय, तू जरा हळू रड.

जो येतो तो यांचं नाव घेऊन आपला सावळाराम सांगतो. माझा कुणी विचारतच नाही. कुणाला त्यांनी धोट्यातून सूत ओढायला शिकवलं, कुणाच्या पोरीच्या लग्नात पंगत वाढली, कुणाला दवाखान्यात पाठीवर घेऊन गेले. माझ्याकडे सांगायला काय होतं? माझ्याजवळचं सांगितलं तर लोकांना ते किरकोळ वाटेल. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर कामावर गेले नाहीत, रोज भात करायचे आणि रोज तो लागायचा. रामनाथची मॅट्रिकची परीक्षा होती तेव्हा सातही दिवस शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभे. घंटा झालेली ऐकू येत नाही, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "झाली काय घंटा?" आत पेपर लिहिणाऱ्या पोरांना यांचा आवाज ऐकू जायचा. रामनाथ लाजून अर्धा झाला होता.

आणि दहाव्याला काय झालं सांगू? पिंड ठेवून भटजी मागे सरले नाहीत तोच कावळा आला आणि चोच मारून मोकळा झाला. सगळे म्हणाले, बघा, किती तृप्त माणूस, एकही इच्छा मागे राहिली नाही. मी हात जोडून उभी होते. मला इतका राग आला तुळजा, की डोळ्यातलं पाणी डोळ्यातच राहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्यापायी एकही इच्छा मागे राहू नये? दुसऱ्या बायकांचे नवरे कावळ्याला दोन-दोन तास बसवून ठेवतात.

असो. सांगून झालं. उत्तर दिलंस तर दे, नाही तर नको.

आनंदी

*

भिवंडी,
१४ फेब्रुवारी १९७८

तुळजा,

उत्तर आलं नाही. पोस्टमन दोनदा दारावरून गेला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की शेवटी काही बोलले नाहीत. ते खरं नाही. वाचा गेली होती, आवाज नव्हताच, पण ओठ हलत होते. तुझ्या कारखान्यातल्यासारखे. त्या शेवटच्या दुपारी रामनाथची पारू शाळेत होती आणि तो औषधाला गेला होता. यांच्याजवळ मी एकटी होते, आणि मला ती बोली येत नाही.

आता हसशील. बेचाळीस वर्षं नवऱ्याशेजारी झोपली आणि ओठावरचं वाचता येत नाही. येत नाही. कारण ती तुझी होती.

लक्षात आहे ना, तू आमच्याकडे आलीस ते बासष्ट साल? नवरा गेलेला, सत्तावीस वर्षांची, अंगावर एक लुगडं. हेच तुला माहेराहून, वडप्याहून घेऊन आले. म्हणाले, "रामच्या आये, तुझी भैन ती माझी भैन." आणि महिन्याभरात शेठला सांगून तुला सुताच्या कांड्या भरायच्या कामाला लावलं. चांगलं केलं, मीच हो म्हटलं होतं. पण तिथे त्या खाटखाटीत कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, सगळे ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात, हे मला काय माहीत? यांचे कान तर त्याआधी कधीचेच गेलेले. डाव्या कानात थोडं शिल्लक होतं, तेवढ्यावर माझा संसार चालला होता.

तुला कधी वाटलं का गं, माझं काय होत असेल? मला नवऱ्याशी एक शब्द बोलायचा तर ओरडावं लागायचं. कढीत मीठ कमी आहे का, हे मी विचारलं की चौथ्या खोलीतली धोंडूबाई तिथून म्हणायची, "बरोबर असंल गं!" मला दिवस गेले तेव्हा यांच्या आधी आळीला कळलं. माझा रुसवा, माझं लाडात येणं, सगळं चव्हाट्यावर. चाळीशीनंतर तर मी लाडात येणंच सोडून दिलं. असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

आणि तू यायचीस. अंगणाच्या त्या टोकाला तुळशीपाशी उभी राहायचीस, हे ओट्यावर बसलेले. भुवयांत कापूस तसाच अडकलेला. तू नुसते ओठ हलवायचीस. हेही. मधेच हे कधी कपाळाला, कधी हनुवटीला हात लावायचे, तू मान हलवायचीस. आवाज नाही, काही नाही, दहा-दहा मिनिटं. मी चुलीपुढे बसून बघायची. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या नवऱ्याशी तू काय हवं ते बोलू शकत होतीस आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी विचारलं की दोघंही म्हणायचे, "काय न्हाय, कामाचं." सात वर्षं कामाचं?

मला म्हणायचे, "शिक की तूपण. सोपा हाय." मी म्हटलं, मला गरज नाही, मला देवाने आवाज दिलाय.

माझ्या मनात काय होतं ते त्या दिवाळीत मी बोललेच. सगळ्यांसमोर बोलले. ते शब्द इथे पुन्हा लिहीत नाही, तुला पाठ असतील. तू कपडे बांधलेस. हे तुला एस.टी.वर सोडायला गेले, ते मला फार झोंबलं. परत आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर आठ वर्षं या घरात तुझं नाव निघालं नाही, पण दिवाळी आली की हे गप्प व्हायचे. मी फराळाचं ताट पुढे ठेवायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. कुणाची आठवण येते आहे हे कळायला ओठ वाचायला लागत नाहीत.

एक विचारते. त्या दिवशी मी भांडायला उठले त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघं अंगणात बोलत होता. हे काहीतरी म्हणाले आणि तू हसलीस. तोंडावर पदर घेऊन हसलीस. त्या हसण्यानेच माझं डोकं फिरलं. काय म्हणाले होते?

उत्तर दे. आता लपवायला माणूस राहिला नाही.

आनंदी

*

भिवंडी,
३ मार्च १९७८

तुळजा,

तू उत्तर देणार नाहीस हे दिसतंय. शिक्षा करतेस. कर, हक्क आहे तुझा. पण माझं एक काम कर आणि मग आयुष्यभर बोलू नकोस.

मला झोप नाही. दिवसा पारूला घेऊन बसते तर तीही यांचीच. रामनाथची ही पोर तू पाहिली आहेस ती पाळण्यातली, आता आठ संपून नववं लागलंय. हे तिच्या गळ्यावर तळवा ठेवून तिच्या शाळेच्या कविता ऐकायचे. डोळे मिटून. म्हणायचे, "हां, हितं 'र' आला, गुदगुल्या करतंय." तिने मग मुद्दाम र-र-र करायचं आणि दोघांनी लोळायचं. तिची वेणी घालायचे, पाटीवर पुसलेलं पुन्हा लिहून द्यायचे, शनिवारी सगळ्यांची नखं काढायचे, पहिली तिची. माझा नंबर शेवटचा. माझ्या गळ्यावर त्यांनी कधी हात ठेवला नाही. मला गाता येत नाही हे खरं, पण शिव्या तरी ऐकायच्या होत्या. बाईने स्वतःच्या नातीचा हेवा करावा, अशी मी. लिहून टाकते, तुझ्यासमोर कसली लाज, तू मला वाईट समजतेसच.

पारूला ती बोली येते. तिला विचारलं, तर म्हणाली, "आजी, मी नव्हते ना तेव्हा." आणि रडायला लागली. परत विचारलं नाही.

म्हणून तुला विचारते. त्या दिवशी ओठ कसे हलले ते मी नीट लिहिते. माझ्या चांगलं लक्षात आहे. आधी तोंड उघडलं, पूर्ण, 'आ' करतो तसं. मग जीभ वर दातांच्या मागे टेकली. एकदा टेकली, जरा थांबून परत टेकली. मग ओठ दोन्ही बाजूंना पसरले आणि दात दिसले. ओठ एकदाही मिटले नाहीत. असं दोनदा झालं, अगदी सारखं. मग डोळे मिटले.

तू सात वर्षं त्यांच्यासमोर बसून कांड्या भरल्यास. त्यांच्या तोंडावरचं तुझ्याइतकं कुणी वाचलेलं नाही. तो शब्द कोणता ते मला लिही. एकच शब्द. बाकी पत्र कोरं ठेवलंस तरी चालेल.

हे लिहिताना मला काय भीती वाटते ते तुला कळत असेल. तुझं नाव असलं तर तुझं लिही. मी वाचेन. पण खोटं लिहू नकोस.

आनंदी

*

वज्रेश्वरी,
१२ मार्च १९७८

अक्का,

तुला नमस्कार. रामनाथला, सूनबाईंना आणि पारूला आशीर्वाद.

उत्तर दिलं नाही कारण तिन्ही पत्रांना एकच उत्तर होतं आणि ते लिहायचं धाडस होत नव्हतं. आधी सोपं ते लिहिते. दहाव्याला मी आले होते. ओटीचं दुकान शेजारच्या सीताबाईवर टाकून सकाळच्या गाडीने आले. भिवंडी स्टँडवर उतरले आणि तिथूनच परत फिरले. मला ऐकू येत नाही अक्का. सदुसष्ट सालापासून कमी होत गेलं, आता काहीच नाही. गिऱ्हाईक नारळ मागतं की फुलांची वेणी, ते मी तोंडाकडे बघून ओळखते. तिथे बायका गळ्यात पडून बोलणार, मला तोंडं दिसणार नाहीत, मी भलतंच काही बोलणार. आणि तू म्हणशील, बघा, नाटकं करते. तेव्हाही म्हणायचीसच, ऐकून न ऐकल्यासारखं करते म्हणून.

भाऊजींनी हे पहिल्यांदा ओळखलं. मीच त्यांना शपथ घातली होती, अक्काला सांगू नका. नवरा नसलेली आणि कानांनीही गेलेली बहीण कोण किती दिवस पोसेल, असं वाटायचं. अंगणात आम्ही बिनआवाजाचं बोलायचो ते चोरून नाही गं. आधी त्यांनाच, मग दोघांनाही ऐकू येत नव्हतं. आवाज काढून करायचं काय?

आता तुझा शब्द.

तू लिहिलंस तसं मी आरशासमोर बसून केलं. चार-पाच वेळा केलं. तोंड उघडलं, जीभ दोनदा टेकवली, ओठ पसरले. आनंदी. तुझंच नाव होतं. मला क्षणभर बरं वाटलं, कार्ड घेऊन तेवढंच लिहून टाकणार होते. मग लक्षात आलं आणि मी आरसा पालथा ठेवला.

अक्का, त्यांनी आयुष्यात कधी तुझं नाव घेतलं होतं? लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आपल्याकडचा कुठला पुरुष बायकोला नावाने हाक मारतो? घरात तू 'रामच्या आये'. आणि वारं गेलेल्या माणसाचे ओठ दोन्ही बाजूंना सारखे पसरत नाहीत. एक बाजू लटकते. हे तू अकरा दिवस रोज पाहिलंस. तू आरशात स्वतःचं तोंड बघून लिहिलंस. मला तुझा राग आला नाही. तुला माझ्या हातून तुझं नाव लिहून हवं होतं, एवढंच ना? मागितलं असतंस तर दिलं असतं.

त्या दिवाळीत काय म्हणाले ते विचारलंस. तेही सांगते, पण आधी कारखान्याची एक रीत सांगते, नाही तर कळायचं नाही. ओठांवर नावं नीट ओळखू येत नाहीत, एक दुसऱ्यासारखं दिसतं. म्हणून तिथे प्रत्येकाला एक खूण असते. शेठ म्हणजे दाढीवरून हात. मी म्हणजे कपाळाला अंगठा लावून तो बाजूला पुसायचा. कुंकू नसलेली. मला ती खूण कधी आवडली नाही, पण कामावर खूण आपण निवडत नाही. आणि तू म्हणजे हनुवटीवर बोट. तुझ्या गोंदणाचे ते तीन ठिपके, वडप्याला अंगणात बसून टोचून घेतलेले. भाऊजींनी ही खूण माझ्या येण्याच्या कितीतरी आधी पाडली होती. साऱ्या कारखान्याला ती माहीत होती. दिवसातून पन्नास वेळा त्यांचं बोट हनुवटीला लागायचं. हिचं डोकं दुखतंय. हिने आज घावन केलेत. हिला सांगू नको, गूळ घेतलाय. ही आज रुसली, काय करू सांग. सात वर्षं मी त्यांच्याशी बोलले अक्का, पण तुझ्याशिवाय दुसरा विषय निघाला नाही. तू चुलीपुढे बसून जळत होतीस, मी त्यांच्यासमोर बसून. तुझं काही मी घेतलं नाही. पण घ्यावंसं कधी वाटलं नाही, असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल, आणि खोटं लिहू नको असं तूच म्हणतेस.

त्यांना हे कळलं होतं की नाही, देव जाणे. कळलं असणार. त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसून आधी हनुवटीला बोट लावून म्हणाले, हिला झोप लागत नाही. मग कपाळाला अंगठा लावून म्हणाले, तू जा. वज्रेश्वरीला माझा एक ओळखीचा आहे, दुकान देईल. वाईट वाटून घेऊ नको, मला ही रडलेली बघवत नाही.

मी हसले, कारण पदराआड दुसरं काही केलं असतं तर तू उठून विचारायला आली असतीस. दुसऱ्या दिवशी तू भांडलीस आणि तुला वाटलं तू मला हाकललंस. मी आधीच निघाले होते. तुला रात्री झोप लागावी म्हणून त्यांनी मला घालवलं. दिवाळीला गप्प व्हायचे ते या ओझ्याने. कुणाची आठवण येत होती म्हणून नव्हे.

शेवटचा शब्द मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.

तुझी
तुळजा

*

भिवंडी,
१५ मार्च १९७८

तुळजा,

पत्र आज सकाळी आलं. पारूला शाळेत पाठवलं आणि दार लावून वाचलं. दुपारी परत वाचलं. धोंडूबाईने दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही.

पकडलंस ते बरोबर पकडलंस. ते ओठ माझेच होते. शेजारी कुणी नसताना आरसा खुंटीवरून काढला आणि माझं नाव हळूहळू म्हणून पाहिलं. मग तुला लिहिलं. खरं म्हणजे त्यांचे ओठ कसे हलले हे मी शेवटपर्यंत पाहिलंच नाही. हलायला लागले तेवढं पाहिलं. दोन वेळा पाहिलं, मला कळेना, आणि एकदम तू आठवलीस. हिला कळलं असतं, असं मनात आलं. मरणाऱ्या माणसाजवळ बसून मला मत्सर सुचला. मी म्हटलं, "जिला समजतं तिला बोलवा." ते यांना ऐकू जाणार नव्हतं. पण ते म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं, आणि ते यांना दिसलं. बहिऱ्या माणसाकडे पाठ करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. गेल्या आठ वर्षांत भांडण झालं की मी हेच करायची. त्यांना ते पटकन समजायचं, पुढे येऊन उभे राहायचे, मी तिकडून वळायची, ते परत पुढे यायचे. त्या दिवशी त्यांना पुढे येता येत नव्हतं. मी वळले तेव्हा संपलं होतं.

हे मी रामनाथला सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हते.

तू यायला हवंस. रागाने ये, कशीही ये. दुकान सीताबाईकडे दे आणि पाडव्याला इकडे ये. मी ओरडणार नाही, ओरडून तरी उपयोग काय. समोर बसून बोलेन, तुला तोंड दिसेल असं. पारू तुला सगळं सांगत जाईल. मात्र एक आधीच सांगून ठेवते, मी बदललेली नाही. तुझं पत्र वाचून माझा मत्सर गेला असं तुला वाटत असेल तर तसं नाही, उलट वाढला. मला त्या कारखान्यात एक नाव होतं. शेठला माहीत, चोवीस साच्यांवरच्या माणसांना माहीत, तुला माहीत. बत्तीस वर्षं डबा घेऊन मी त्या दारापर्यंत जात होते आणि आतली माणसं मला बघून हनुवटीला बोट लावून हसायची. मला वाटायचं टिंगल करतात. मी पदर ओढून घ्यायची. माझं नाव मला सोडून सगळ्यांकडे होतं आणि शेवटी तेही मला तुझ्याकडून घ्यावं लागलं. याचा मला राग येतो, फार येतो. आलीस की यावर भांडू.

आणखी एक आहे. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला आता जेवण जाणार नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला ते समजायचं नाही.

ओठ हलायच्या आधी, त्याच दुपारी, त्यांचा डावा हात उठला. तेवढाच एक उठत होता. सावकाश वर आला आणि बोट हनुवटीला लागलं. तोंडाची उजवी बाजू गळत असायची, मला वाटलं पुसायला सांगतात. मी पदराने हनुवटी पुसली. त्यांनी मान हलवली आणि परत बोट लावलं. मी परत पुसली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मी म्हटलं, "अहो पुसली ना, कोरडी हाय आता." तुळजा, ते माझ्याकडे बघत होते, डोळे नुसते माझ्यावर होते. चौथ्यांदा हात वर आला तो मी धरला आणि चादरीखाली घालून ठेवला.

अक्का